अवयव न शोधता ओळखलेली मूळ संख्या

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

ही एकोणचाळीस अंकी संख्या दिसायला कोणत्याही लांबलचक संख्येसारखीच आहे. पण १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही. म्हणजे ती मूळ संख्या आहे. फ्रान्समधल्या एका शिक्षकाने १८७६ मध्ये हे जाहीर केले, तेव्हा त्याच्या हाताशी कोणतेही गणकयंत्र नव्हते. पुढची पंच्याहत्तर वर्षे जगात कोणालाही याहून मोठी मूळ संख्या सापडली नाही. यंत्राची मदत न घेता, केवळ हाताने गणित करून शोधलेली सर्वात मोठी मूळ संख्या हा मान आजही तिच्याकडेच आहे.

त्या शिक्षकाचे नाव एदुआर ल्युका. इंग्रजी पुस्तकांमुळे आपल्याकडे ते ‘लुकास’ म्हणून अधिक परिचित आहेत. संगणकशास्त्र शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी त्यांचा एक खेळ कधी ना कधी सोडवलेला असतो, तो म्हणजे ‘टॉवर ऑफ हनोई’. तो खेळ आणि ही संख्या यांचे नातेही जवळचे आहे.

मखमलीच्या गावातून

ल्युका यांचा जन्म ४ एप्रिल १८४२ रोजी उत्तर फ्रान्समधल्या अमिआँ या शहरात झाला. हे शहर कापडासाठी, विशेषतः मखमलीसाठी नावाजलेले होते. हुशार मुलाला शिक्षणाने पॅरिसपर्यंत नेले. तिथल्या ‘एकोल नॉर्माल’ या नामवंत संस्थेत शिकून ते पॅरिसच्या वेधशाळेत रुजू झाले. वेधशाळेचे प्रमुख होते ल व्हेरिए. नेपच्यून ग्रह आकाशात नेमका कुठे दिसेल, हे केवळ आकडेमोडीच्या जोरावर सांगणारे ते खगोलशास्त्रज्ञ. लांब आणि किचकट गणित चिकाटीने तडीस नेण्याची सवय लागायला याहून योग्य जागा नव्हती.

ल्युका यांचे लक्ष मात्र ग्रहांपेक्षा पूर्णांकांकडे अधिक होते. १८६७ मध्ये त्यांनी साटनच्या विणीवर एक लेख लिहिला. साटन विणताना उभ्या आणि आडव्या धाग्यांची गाठ प्रत्येक ओळीत ठरावीक घरे सरकवून घेतात. पाच धाग्यांच्या विणीत दरवेळी दोन घरे सरकले, तर पाचही उभे धागे एकेकदा पकडले जातात. सहा धाग्यांत दोन-दोन घरे सरकले, तर तीनच धागे पुनःपुन्हा पकडले जातात आणि उरलेले तीन मोकळेच राहतात. कारण ६ आणि २ यांना सामाईक विभाजक आहे, ५ आणि २ यांना नाही. विणकराला अनुभवाने ठाऊक असलेली ही गोष्ट ल्युका यांनी अंकगणिताच्या नियमात बसवली. रोजच्या व्यवहारातली एखादी वस्तू घ्यायची आणि तिच्या पोटातला पूर्णांकांचा नियम बाहेर काढायचा, ही त्यांची पद्धत पुढेही कायम राहिली.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. ल्युका तोफखान्यात अधिकारी होते. फ्रान्सचा पराभव झाला. युद्धानंतर त्यांनी वेधशाळेऐवजी अध्यापनाचा रस्ता धरला. आधी मुलँ या लहान शहरात आणि नंतर पॅरिसच्या साँ-लुई आणि शार्लमान्य या प्रसिद्ध ‘लिसें’मध्ये, म्हणजे आपल्याकडच्या उच्च माध्यमिक शाळांसारख्या संस्थांमध्ये, त्यांनी गणित शिकवले. विद्यापीठातले प्राध्यापकपद त्यांना कधीच लाभले नाही. ज्या संशोधनामुळे त्यांचे नाव टिकले, ते सगळे शाळेचे तास आणि वह्यांची तपासणी सांभाळून झालेले आहे.

तोफखान्याची आठवणही गणितात उतरली. १८७५ मध्ये त्यांनी एक कोडे घातले. तोफगोळे चौकोनी तळावर थरांनी रचत नेले, तर सर्वात वर १, खाली ४, त्याखाली ९ असे गोळे येतात. या मनोऱ्यातले सगळे गोळे जमिनीवर पसरून पुन्हा अचूक चौरस कधी होईल? ल्युका यांचे म्हणणे असे, की एकटा गोळा सोडला, तर ते एकदाच घडते. २४ थर रचले की ४,९०० गोळे होतात आणि ते ७० गुणिले ७० असे बसतात. हे त्यांनी ठामपणे सांगितले, पण त्याची पूर्ण सिद्धता गणितज्ञ जी. एन. वॉटसन यांनी १९१८ मध्ये दिली. उत्तर अचूक, पण सिद्धता अपुरी, ही गोष्ट ल्युका यांच्या बाबतीत आणखी एकदा घडणार होती.

एका धर्मगुरूची यादी

मूळ संख्या अगणित आहेत, हे युक्लिडच्या काळापासून माहीत आहे. पण एखादी मोठी संख्या समोर ठेवून ती मूळ आहे की नाही हे ठरवणे, हे निराळे काम आहे. शाळेत शिकवतात ती रीत म्हणजे २, ३, ५, ७ अशा संख्यांनी ओळीने भागून पाहायचे आणि वर्गमुळापर्यंत कोणाचाच भाग गेला नाही तर संख्या मूळ ठरवायची. वरच्या एकोणचाळीस अंकी संख्येसाठी हा रस्ता निरुपयोगी आहे. तिचे वर्गमूळच वीस अंकी आहे. दर सेकंदाला एक भागाकार केला, तर तिथपर्यंत पोहोचायला सुमारे ४१ हजार कोटी वर्षे लागतील. आपल्या विश्वाचे वय १,४०० कोटी वर्षांच्या आतले आहे.

ही संख्या ल्युका यांनी कुठूनही उचललेली नव्हती. २ हा अंक १२७ वेळा मांडून त्यांचा गुणाकार करायचा, म्हणजे २ चा १२७ वा घात घ्यायचा, आणि त्यातून १ वजा करायचा, की ती मिळते. अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. सतराव्या शतकातले फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये एक यादी दिली. घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ किंवा २५७ असेल, तर घातातून १ वजा करून मिळणारी संख्या मूळ असते आणि २५७ पर्यंतच्या इतर घातांकांसाठी ती मूळ नसते, असा त्यांचा दावा होता. एवढ्या मोठ्या संख्या मर्सेन यांनी तपासल्या असतील, हे तेव्हाही कोणाला पटण्यासारखे नव्हते. तरी यादी खोटी आहे हेही कोणाला दाखवता येईना.

१७७२ मध्ये ऑयलर यांनी घातांक ३१ ची संख्या मूळ असल्याचे दाखवले. ती संख्या २१४ कोटींच्या घरातली, दहा अंकी. त्यासाठी त्यांनी संभाव्य अवयवांची यादी चतुराईने छोटी केली होती, पण शेवटी भागून पाहणे चुकले नव्हते. पुढच्या शंभर वर्षांत सर्वात मोठी ज्ञात मूळ संख्या जेमतेम तेरा-चौदा अंकांपर्यंत गेली. तेरा-चौदावरून एकदम एकोणचाळीस अंकांवर उडी मारायची, तर भागाकाराचा रस्ता सोडणे भाग होते.

वर्ग करा, दोन वजा करा

ल्युका यांच्या युक्तीचे मूळ एका साध्या मालिकेत आहे. १, १, २, ३, ५, ८, १३ अशी मालिका, ज्यात प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते. आपल्याकडे छंदशास्त्रात मात्रांची मांडणी मोजताना विरहांक आणि हेमचंद्र यांनी ती आधीच सांगितली होती. युरोपात ती पिसाच्या लिओनार्दो यांच्या तेराव्या शतकातल्या पुस्तकात आली. तिला ‘फिबोनाची’ हे नाव रूढ झाले ते ल्युका यांच्यामुळे. याच नियमाने पण १ आणि ३ पासून सुरू होणारी १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७ ही मालिका आज ल्युका यांच्या नावाने ओळखली जाते.

या दुसऱ्या मालिकेत दुसरी संख्या ३, चौथी ७ आणि आठवी ४७ आहे. ३ चा वर्ग करून २ वजा केले की ७ येतात. ७ चा वर्ग करून २ वजा केले की ४७ येतात. दरवेळी क्रमांक दुप्पट होतो. म्हणजे मालिकेतली लाखावी संख्या गाठायला लाख बेरजा कराव्या लागत नाहीत; थोड्या उड्यांत दूरवर जाता येते. ल्युका यांनी याच उड्यांचा उपयोग करून घेतला.

कागद-पेन्सिल घेऊन त्यांची चाचणी लहान संख्येवर करून पाहता येते. २ चा ७ वा घात १२८. त्यातून १ वजा केला की १२७. ही मूळ संख्या आहे का? सुरुवात ३ पासून करायची. दर पायरीला वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि उत्तर मोठे झाले तर १२७ ने भागून फक्त बाकी ठेवायची. ३ नंतर ७, मग ४७. ४७ चा वर्ग २,२०९, त्यातून २ गेले की २,२०७, आणि त्याला १२७ ने भागल्यावर बाकी ४८. ४८ पासून त्याच रीतीने १६ मिळतात. १६ चा वर्ग २५६, वजा २ म्हणजे २५४, आणि २५४ म्हणजे १२७ ची बरोबर दुप्पट. बाकी शून्य. घातांक ७, त्याहून दोन कमी म्हणजे पाच पायऱ्या, आणि पाचव्या पायरीला शून्य. १२७ मूळ आहे, हे एकाही अवयवाने भागून न पाहता कळले.

आता घातांक ११ घेऊ. २ च्या ११ व्या घातातून १ वजा केला की २,०४७ मिळतात. साखळी अशी चालते: ३, ७, ४७, १६०, १,०३४, ६२०, १,६०९, १,४७१ आणि पुन्हा १६०. आठव्या पायरीला ती आधीच्याच जागी परतली. आता ती त्याच फेऱ्यात फिरत राहणार आणि शून्य कधीच येणार नाही. म्हणून २,०४७ मूळ नाही. तिचे अवयव २३ आणि ८९ आहेत, पण हा निकाल देताना ते माहीत असण्याची गरज पडली नाही.

असे का होते, याचा गाभा थोडक्यात सांगता येतो. संख्येला एखादा लहान मूळ अवयव असेल, तर त्या अवयवाच्या बाक्यांचा फेरा लवकर पूर्ण होतो, कारण लहान संख्येच्या बाक्याही मोजक्याच असतात. शून्य बरोबर शेवटच्या पायरीला आले, तर फेरा इतका लांब ठरतो, की असा अवयव निदान मूळच्या संख्येएवढा तरी मोठा असायलाच हवा. म्हणजे तो अवयव ती संख्या स्वतःच.

तीनपासूनची ही चाचणी ज्या मूळ घातांकांना ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते, त्यांना लागू पडते. १२७ हा तसाच घातांक आहे. त्यासाठी पायऱ्या लागतात फक्त १२५. कुठे ४१ हजार कोटी वर्षे आणि कुठे १२५ पायऱ्या! अर्थात प्रत्येक पायरीत एकोणचाळीस अंकी संख्येचा वर्ग आणि मग तेवढ्याच मोठ्या संख्येने भागाकार, हे काही खेळण्याचे काम नव्हे. ल्युका यांनी मात्र तेही खेळासारखेच मांडले. संख्या ० आणि १ या दोनच अंकांत, म्हणजे द्विमान पद्धतीत लिहायच्या आणि १२७ ओळी व १२७ स्तंभांच्या बुद्धिबळासारख्या पटावर सोंगट्या ठेवायच्या, अशी रीत त्यांनी सांगितली. मर्सेन संख्येने भागणे यात फार सोपे होते. १२७ ने भागायचे तर संख्येत १२८ चे किती गट आहेत ते पाहायचे आणि तेवढे उरलेल्या संख्येत मिळवायचे. २,२०७ मध्ये १२८ चे १७ गट आणि वर ३१. १७ अधिक ३१ म्हणजे ४८. झाला भागाकार. पटावर हेच काम डावीकडे बाहेर गेलेल्या सोंगट्या उजवीकडून पुन्हा आत घेऊन होते. आजचे संगणकही मर्सेन संख्यांचे गणित याच सोयीमुळे झपाट्याने करतात.

शून्याचा भरवसा

घातांक १२७ च्या साखळीत शेवटी शून्य आले. मर्सेन यांचा २३२ वर्षांपूर्वीचा दावा त्या घातांकापुरता खरा ठरला. त्याच सुमारास ल्युका यांनी घातांक ६७ चीही चाचणी घेतली. तिथे शून्य आले नाही. म्हणजे यादीतली ती संख्या मूळ नव्हती आणि मर्सेन चुकले होते.

या दोन निकालांच्या भरवशात एक फरक आहे. १२७ च्या गणितात मध्येच कुठे चूक झाली असती, तर शेवटी नेमके शून्य येण्याची शक्यता नसल्यातच जमा होती. शून्य आले हीच गणित बरोबर असल्याची मोठी खूण. ६७ चे तसे नव्हते. तिथे शून्य न येण्याचे कारण संख्या मूळ नसणे हे असेल किंवा हातून झालेली एखादी चूकही असेल. वाचणाऱ्याला पडताळून पाहायला अवयव तर कोणीच दिलेले नव्हते.

हा प्रश्न १९०३ मध्ये न्यूयॉर्कला मिटला. अमेरिकी गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांनी परिषदेत फळ्यावर एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला. दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ आणि ७६१,८३८,२५७,२८७ या दोन संख्यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे जुळली. हे सगळे त्यांनी एक शब्दही न बोलता केले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, असे सांगतात. ल्युका यांचा निकाल बरोबर होता. पण टाळ्या ऐकायला ते हयात नव्हते.

ब्रह्मदेवाचा मनोरा

१८७८ मध्ये ल्युका यांनी आपल्या पद्धतीवरचा मोठा प्रबंध अमेरिकेतून नुकत्याच निघू लागलेल्या गणिताच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात प्रसिद्ध केला. पण सर्वसामान्य लोकांत त्यांचे नाव झाले ते खेळांमुळे. चार खंडांच्या ‘रंजक गणित’ या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १८८२ मध्ये आला. आपल्याकडची मुले वहीच्या मागच्या पानावर ठिपके जोडून चौकोन करायचा खेळ खेळतात, तो पहिल्यांदा छापून लोकांपुढे आणण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते.

१८८३ मध्ये पॅरिसच्या बाजारात एक नवे कोडे आले. तीन खुंट्या, एका खुंटीवर मोठीवर लहान अशा रचलेल्या चकत्या. एका वेळी एकच चकती उचलायची, लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही आणि सगळा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायचा. कर्त्याचे नाव छापले होते सयामचे एन. क्लाऊस, ली-सू-स्तियाँ महाविद्यालयातले. असा कोणी सयामी पंडित नव्हताच. फ्रेंचमधली अक्षरे फिरवून लावली, की सयामच्या क्लाऊसचा होतो अमिआँचा ल्युका आणि महाविद्यालयाचे होते साँ-लुई.

खेळाबरोबर एक गोष्टही पसरली. काशीच्या मंदिरात हिऱ्याच्या तीन सुयांवर सोन्याच्या ६४ चकत्या आहेत, पुजारी त्या रात्रंदिवस हलवत असतात आणि शेवटची चकती जागेवर गेली की जगाचा अंत होईल, अशी ती गोष्ट. काशीच्या नावाने युरोपात रंगलेली ही कथा खेळाला गूढ वलय देण्यासाठीच होती. तिच्यातले गणित मात्र पक्के आहे. चकत्या १, २, ३, ४, ५ असतील, तर कमीत कमी चाली १, ३, ७, १५, ३१ लागतात. दरवेळी २ चा तितकावा घात वजा १. ६४ चकत्यांसाठी दर सेकंदाला एक चाल केली, तरी ५८ हजार कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल.

चालींच्या या संख्या म्हणजे मर्सेन यांच्याच घडणीच्या संख्या. मनोऱ्यात १२७ चकत्या घेतल्या, तर लागणाऱ्या चालींची संख्या म्हणजे या लेखाच्या सुरुवातीला दिलेली एकोणचाळीस अंकी मूळ संख्या. ल्युका यांनी मुलांच्या हातात दिलेले खेळणे आणि त्यांचे सर्वात अवघड संशोधन, दोन्ही एकाच सूत्राची रूपे होती.

फुटक्या बशीची जखम

१८९१ साली त्यांच्या ‘संख्यांचा सिद्धांत’ या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पुढचे खंड व्हायचे होते. त्याच वर्षी विज्ञानप्रसारासाठी काम करणाऱ्या फ्रेंच संघटनेचे वार्षिक अधिवेशन मार्सेय या बंदराच्या शहरात भरले. तिथल्या मेजवानीत वाढप्याच्या हातून बशा पडून फुटल्या आणि एक तुकडा उडून ल्युका यांच्या गालाला लागला. जखम किरकोळ होती. पण काही दिवसांतच चेहऱ्याच्या त्वचेला तीव्र दाह झाला, ताप चढला आणि ३ ऑक्टोबर १८९१ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे ४९.

या आजाराचे नाव विसर्प. मराठीत त्याला धावरे असेही म्हणतात, कारण तो कातडीवर भराभर पसरत जातो. स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जिवाणू लहानशा चिरेतून, ओरखड्यातून आत शिरतात. कातडी लालभडक, गरम आणि चकचकीत होते, लाल भागाची कड उंच आणि स्पष्ट दिसते, थंडी वाजून ताप येतो. चेहरा आणि पाय या त्याच्या नेहमीच्या जागा. संसर्ग रक्तात पसरला, तर जिवावर बेतते. ल्युका गेले तेव्हा या आजाराचा जिवाणू शास्त्रज्ञांना ओळखता येऊ लागला होता. त्याला मारणारे औषध मात्र नव्हते. सल्फा औषधे १९३० च्या दशकात आली. पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लागला आणि ते रुग्णांपर्यंत पोहोचायला १९४० चे दशक उजाडले. आज वेळेवर प्रतिजैविके मिळाली, तर विसर्पाचे बहुतेक रुग्ण बरे होतात. मात्र वेळेवर हा शब्द महत्त्वाचा. जखम साबणाने आणि वाहत्या स्वच्छ पाण्याने लगेच धुवावी. तिच्याभोवतीची लाली पसरू लागली, दुखणे वाढले किंवा ताप आला, तर घरगुती लेप लावत न बसता डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असलेल्यांनी तर जास्तच जपावे.

मागे राहिलेली चाचणी

ल्युका यांच्या लिखाणात मोठे निकाल झपाट्याने येत, सिद्धता मात्र अनेकदा तुटक असत. त्यामुळे त्यांच्या चाचणीकडे पाहताना काही जाणकारांच्या मनात अढी असणे स्वाभाविक होते. १९१४ मध्ये फोकेमबेर्ग या फ्रेंच गणितज्ञांनी घातांक १२७ चे गणित पुन्हा केले आणि संख्या मूळ असल्याला दुजोरा दिला. १९३० मध्ये अमेरिकी गणितज्ञ डेरिक लेहमर यांनी चाचणीला नेटकी आणि निर्दोष सिद्धता दिली. सुरुवात ३ ऐवजी ४ पासून केली, की २ सोडून कोणत्याही मूळ घातांकासाठी तीच साखळी चालते. तेव्हापासून तिला ल्युका-लेहमर चाचणी म्हणतात. दरम्यान मर्सेन यांच्या यादीचा हिशेबही पूर्ण झाला. ६७ आणि २५७ हे घातांक त्यांनी चुकीने घातले होते आणि ६१, ८९, १०७ हे गाळले होते.

एकोणचाळीस अंकी संख्येचा विक्रम १९५१ मध्ये मोडला, तो गणकयंत्रांनी. ३० जानेवारी १९५२ रोजी लॉस एंजेलिसमधल्या ‘स्वॅक’ या सुरुवातीच्या संगणकावर राफाएल रॉबिन्सन यांनी लिहिलेला कार्यक्रम चालवला गेला. रॉबिन्सन यांनी ते यंत्र तोवर पाहिलेलेही नव्हते, केवळ माहितीपुस्तिका वाचून कार्यक्रम लिहिला होता. त्या एका रात्रीत घातांक ५२१ आणि ६०७ या दोन नव्या मर्सेन मूळ संख्या हाती आल्या. यंत्र नवे होते, पण त्याला शिकवलेली रीत तीच, वर्ग करा आणि दोन वजा करा.

आज माहीत असलेली सर्वात मोठी मूळ संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यात ४ कोटी १० लाखांहून अधिक अंक आहेत. जगभरातल्या स्वयंसेवकांचे संगणक जोडून चालणाऱ्या मर्सेन शोधमोहिमेत ती सापडली. आधी दुसऱ्या एका झटपट कसोटीने ती हेरली गेली, पण ती मूळ आहे यावर शेवटची मोहोर उमटवली ती ल्युका-लेहमर चाचणीनेच.

एवढ्या प्रचंड संख्यांचा रोजच्या व्यवहारात थेट उपयोग नाही. पण अवयव न शोधता मूळपणा ओळखायचा, ही कल्पना मात्र घरोघर पोहोचली आहे. बँकेचे व्यवहार आणि खासगी संदेश सुरक्षित ठेवणाऱ्या अनेक पद्धतींना शेकडो अंकी मूळ संख्या लागतात. त्या भागाकाराने शोधणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही. त्या ओळखण्यासाठी वापरात असलेल्या चाचण्यांत ल्युका यांच्या मालिकांवर आधारलेल्या चाचण्याही आहेत.

संख्येला तिचे अवयव न विचारताही ती मूळ आहे का ते विचारता येते, एवढे ल्युका यांनी दाखवून दिले. १२५ पायऱ्यांच्या शेवटी त्यांना मिळालेले शून्य १५० वर्षे होत आली तरी तसेच पक्के आहे.